सुई ओवणारी बाई

जुन्या दिवाळी अंकांची चित्रांची मुखपृष्ठं मी जमवतो, आणि या नादापायी माझं डोकं बहुतेक वेळ तापलेलंच असतं. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये खिडकी उघडली की वीजकेंद्राची राख आत, म्हणून एकेक अंक प्लास्टिकच्या पिशवीत. बायको म्हणते, "मले छत्री आणाले सवड नाई, रद्दीले मात्र रेनकोट!"

बरं, लोक तरी अंकांना धड वागवतात का? एका वाचनालयाने जुने अंक काढून टाकले, तेव्हा मी धावत गेलो. सगळे छान बांधलेले, आणि एकालाही मुखपृष्ठ नाही! बाइंडरने शिलाईला अडचण नको म्हणून सरसकट फाडून फेकलेली. त्याच गठ्ठ्यात नेमका मला हवा असलेला अंक निघाला. आत छापलं होतं, 'मुखपृष्ठावर : सुई ओवणारी'. बाईचा पत्ताच नाही.

ती बाई कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मार्कंड्याजवळच्या गावात माझ्या मावशीने तिच्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीला, झाकणाच्या आतून, तेच मुखपृष्ठ चिकटवलं होतं. दिव्यासमोर बसून, एक डोळा बारीक करून सुईत दोरा घालणारी बाई. लहानपणी मावशीने लुगडं काढायला पेटी उघडली की मी हजर. हा नाद मला तिथेच लागला. पुढे बाकी सगळं जमलं, ती तेवढी राहिली. दर वर्षी मार्कंड्याच्या जत्रेला गेलो की मागायचो. मावशीचं उत्तर ठरलेलं, "मी हाये तोवर मायी पेटी मायी."

यंदा ती मुलाच्या नव्या घरात राहायला निघाली आणि निरोप आला, पेटी घेऊन जा. मी स्पंज, टीपकागद, बोथट सुरी असा सगळा सरंजाम घेऊन गेलो. अंगणात पेटी ठेवलेली, हिरवीगार. रंगाचा वास येत होता. झाकण उघडलं. आतूनही हिरवीगार.

"मावशी, हे काय केलं?"

"जुनाट पेटी तुले कशी देऊ? गंज चढला होता. आतून-बाहेरून दोन हात मारून घेतले."

"अगं, मला चित्र हवं होतं!"

"चल! फाटकं चित्र कोण मागते? एवढा मोठा साहेब, पेटी मागाले लाजते, मले काय समजत नाई?" मग माझं तोंड पाहून म्हणाली, "ते कुठी जाते? रंगाखाली हाये नं."

इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, पेटी पाहूनच आलं. तिने पदराने माझे डोळे पुसले. कप्पाळ! पेटी उचलली आणि निघालो.

घरी कोपऱ्यात जरासं खरवडून पाहिलं. रंगाबरोबर कागदही सुटायला लागला, तसा हात आवरला. मग तो बिनमुखपृष्ठाचा अंक पिशवीतून काढला, पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. बाई आणि तिचा अंक इतक्या वर्षांनी एका जागी आले, मधे काय तो ऑइल पेंट.

मावशी दर फोनला विचारते, "पेटी कामात येते नं, बाबू?"

येते, मी सांगतो.