सरकार चहाला येणार होत्या

संस्थानं विलीन झाली, राजे-रजवाडे संपले, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा कळंबोलीजवळच्या रोडपालीत आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या घरी यावं. तिथे एक संस्थान अजून शाबूत आहे. वन बीएचके आहे, पण आहे. त्या घरात भांडं जोरात आपटलं तर "सरकारांना चाललं असतं का हे?" असा प्रश्न येतो, भाजीत मीठ जास्त झालं तर सरकारांचा दाखला निघतो आणि थोरल्या दिरांनी बनियनवर बाल्कनीत उभं राहायचं नाही, हा हुकूमही सरकारांच्याच नावाने निघालेला आहे. या सरकार म्हणजे घाटावरच्या एका चिमुकल्या संस्थानाच्या राणीसरकार. जाऊबाईंचे वडील त्यांच्या मुदपाकखान्यात आचारी होते. राज्य गेलं तरी गावाने सरकारांना सोडलं नाही, कारण सरकारांनी गावाला सोडलं नव्हतं. ज्या काळात पोरींनी मान वर करून चालू नये असं म्हणत, त्या काळात सरकारांनी राजवाड्याच्या चौकात गावातल्या पोरींना स्वतः सायकल शिकवली. जाऊबाई त्यातल्या एक. पडल्या, गुडघा फुटला आणि सरकारांनी मांडी घालून बसून आपल्या हाताने हळद भरली. हे मी ऐकून सांगत नाही, बघून सांगते. कारण एरवी घोटासुद्धा झाकणारी ही बाई, सरकारांचा विषय निघाला की भर बैठकीत निऱ्या वर करून तो गुडघ्याचा व्रण दाखवते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका अत्तरदाणी राहिली बाजूला आणि गुडघ्याचं दर्शन घेऊन घरी जातात.

'सरकार' या शब्दावर त्यांचा असा काही हक्क आहे की तो दुसऱ्या कशासाठी वापरला जातो हेच त्यांच्या डोक्यात शिरत नाही. उरणहून येणारी त्यांची मासेवाली एका सकाळी टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "वैनी, आयकलाव का? सरकार परला." जाऊबाईंच्या हातातली बोंबलाची जुडी खाली पडली. "कुठं? न्हाणीघरात?" मासेवाली म्हणाली, "न्हाणीघरान कशाला? मुंबयला परला." "मुंबईला कधी गेल्या? आणि सोबत कोणी नव्हतं?" मासेवालीला वाटलं वैनी थट्टा करते. ती म्हणाली, "परला तं परला. आमाला काय, दुसरा येल." हे ऐकल्यावर मात्र जाऊबाईंनी तिला पायरीवरून हाकलली, अंघोळ केली आणि देव पाण्यात घातले. दीर कामावरून आले तेव्हा देव्हारा रिकामा, तांब्याच्या पातेल्यात अख्खं गोकुळ बुडालेलं आणि बाईंच्या डोळ्याला धार. सरकार मुंबईतलं पडलं, आपल्या सरकार धडधाकट आहेत, हे पटवायला दिरांना टीव्हीवरच्या बातम्या लावून एकेक मंत्री ओळखून दाखवावा लागला. मासेवालीने पुढे कित्येक दिवस त्यांच्या बिल्डिंगकडे बघितलं नाही, आणि मला त्यांच्याकडच्या चांगल्या बोंबलाला मुकावं लागलं ते लागलंच.

सरकारांच्या खालोखाल जाऊबाईंचं दुसरं दैवत म्हणजे ती जुनी मालिका. एकच वाहिनी होती आणि घरात एकच टीव्ही, आणि तोही अख्ख्या आळीचा, तेव्हाची. एक मोठं घर, त्यात चार पिढ्या आणि सगळ्यांना सांभाळणाऱ्या थोरल्या वहिनी. मोठं कुंकू, अंबाड्यात अनंताचं फूल, कमरेला किल्ल्या आणि आवाज असा की रागावल्या तरी दूध पाजल्यासारखं वाटावं. जाऊबाईंनी तेव्हा जी थोरली वहिनी अंगात घेतली ती अजून उतरलेली नाही. सगळं कुंकू, सगळा अंबाडा तसाच. किल्ल्यासुद्धा आहेत, आता त्या कुठल्या कपाटाच्या आहेत हे विचारायचं नाही. हल्ली ती मालिका इंटरनेटवर मिळते, म्हणून रोज दुपारी चार वाजता ती त्यांच्याकडे लागते, आणि मी जुन्या पनवेलहून रिक्षाने गेले असेन तर मलाही पुढ्यात बसवतात. पडद्यावर पानं वाढली की आमच्या पुढ्यात काहीतरी येतं. मालिकेतले आजोबा वारले तेव्हा या बाईंनी सुतक पाळलं आणि घरात श्रीखंडाचं पातेलं तयार असताना दिरांना पिठलं-भात खायला घातला. आणि जे भाग थोरल्या वहिनी रुसून माहेरी जातात त्यांचे आहेत, त्या दिवसांत स्वयंपाकघर जवळजवळ बंदच. "घरातली मोठी सून निघून गेलीय, आणि तुम्हाला पुरणपोळी सुचते?" असं त्या दिरांना विचारतात. दीर बिचारे म्हणतात, "अगं पण आपल्या घरातली मोठी सून तूच ना?"

तर अशा बाईंच्या घरी, साक्षात सरकार चहाला येणार होत्या. मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून परत घाटावर जाताना गाडी कळंबोलीवरूनच जाणार, तेव्हा घटकाभर थांबतील, असं राजवाड्यातून कळलं. कळलं म्हणजे मला कळलं. राजवाड्याशी बोलताना जाऊबाईंची जीभ टाळूला चिकटते, म्हणून त्यांनी माझा नंबर दिलेला. सरकारांच्या सोबतीला असणाऱ्या बाईंचा फोन आला. वेळ, गाडी, बिनसाखरेचा चहा, सगळं सांगून झालं आणि मग त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "अहो, एक सांगून ठेवते. सरकार आता माणसं ओळखत नाहीत. परवा परदेशातून मुलगा आला, त्याला म्हणाल्या, आपण कोण? तुमच्या ताईंना आधी कल्पना द्या, नाहीतर वाईट वाटेल."

आता हे ताईंना सांगायचं कसं? कारण जाऊबाईंनी तोवर सबंध सोसायटीला सांगून टाकलं होतं की सरकार मला बघताक्षणी नावाने हाक मारतील. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी तोंड वाकडं करून "बघू या," असं म्हटलंही होतं. आयुष्यभर या बाईने जे सांगितलं ते खरं की थापा, याचा निकाल त्या दुपारी लागायचा होता, आणि तो काय लागणार हे मला एकटीला ठाऊक होतं.

मी सांगायला गेले. देवाशपथ गेले. जाऊबाई पडदे धुवत होत्या. म्हटलं, "ताई, सरकारांचं आता वय झालंय हं." तर म्हणाल्या, "वय तुझं-माझं होतं, धाकटे. त्यांचं नाही." दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या दिरांना मुजरा शिकवत होत्या आणि दीर कंबर धरून बसले होते. तिसऱ्यांदा मी सरळच म्हणाले, "आणि समजा नाही ओळखलं तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही. म्हणाल्या, "मग माझं काय उरलं गं?" एवढं बोलून त्या चकल्या तळायला लागल्या. मी सोऱ्या फिरवला.

त्या दिवशी सकाळपासून घरात श्वास घ्यायची चोरी. लिफ्टमध्ये सरकार अडकतील म्हणून दिरांना खाली मीटरच्या पेटीपाशी उभं केलं, जणू ते हाताने वीज धरून ठेवणार होते. सरकारांपुढे कोणी बसायचं नाही, पाठ फिरवायची नाही, आधी बोलायचं नाही. टीव्ही राजघराण्यापुढे शोभत नाही म्हणून त्यावर शालू टाकला. तीन वाजून गेले तरी गाडीचा पत्ता नाही. कळंबोलीच्या सर्कलला कंटेनर आडवा झाला होता. जाऊबाई खिडकी ते दार, दार ते खिडकी. चहाचं आधण तीनदा आटलं. समोरच्या बाई दार उघडं ठेवून लसूण सोलत बसल्या. एवढा लसूण त्यांच्या घरात वर्षभरात लागत नाही. मला वाटत होतं, तो कंटेनर तसाच आडवा राहावा, गाडी परस्पर निघून जावी, देवा एवढं कर. पण लिफ्ट वर आली.

किती लहान झाल्या होत्या सरकार. पांढरी सुती साडी, डोक्यावरून पदर, सोबतीच्या बाईंचा हात घट्ट धरलेला. जाऊबाईंनी वाकून मुजरा केला आणि खाली बघत उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. हाक येण्याची वाट बघत होत्या. हाक आली नाही. सरकार खोलीभर बघत होत्या, घाबरल्यासारख्या. "हे कुणाचं घर?" त्यांनी विचारलं. "मला घरी न्या."

जाऊबाई पुढे झाल्या. स्वतःचाच नियम मोडून आधी बोलल्या. "सरकार, मी मुदपाकखान्यातल्या गणू आचाऱ्याची लेक. चौकात सायकल... तुम्ही हळद भरली होती." सरकार मागे सरकल्या. "मला घरी न्या," परत तेच, आणि आता आवाज रडवा. सोबतीच्या बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघायला लागल्या. जाऊबाईंचा हात निऱ्यांकडे गेला. गुडघा दाखवणार होत्या त्या, दुसरं काय होतं त्यांच्याकडे? मला ते बघवेना. समोरच्या बाईंचं लसूण सोलणं थांबलेलं मला इथून कळत होतं.

आणि सरकारांची नजर जाऊबाईंच्या कपाळावर ठरली. मग अंबाड्यावरच्या फुलावर, मग कमरेच्या किल्ल्यांवर. चेहरा हळूहळू उजळला. "थोरल्या वहिनी," त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी आलात माहेराहून?"

सोबतीच्या बाई हळूच मला म्हणाल्या, "रोज चारला तीच मालिका लावते हो मी. त्याशिवाय जेवत नाहीत. सध्या त्या वहिनी माहेरी गेल्यात, तेव्हापासून धड घास घेतला नाही यांनी." मी जाऊबाईंकडे बघितलं. निऱ्या अजून मुठीत होत्या. सगळा जन्म ज्या एका हाकेसाठी काढला ती हाक दुसरीच्या नावाने आली होती. 'मी ती नव्हे' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला वाटलं, आता या रडतील नाहीतर भांडतील. भांडतीलच, मी ओळखते त्यांना.

त्यांनी निऱ्या सोडल्या. पदर सारखा केला. आणि त्या दुधासारख्या आवाजात म्हणाल्या, "ही काय, आत्ताच आले. तुम्ही जेवलात की नाही?"

"नाही," सरकार म्हणाल्या, लहान मुलीने तक्रार करावी तशा. "तुम्ही नव्हतात ना. कोणी वाढलंच नाही."

मग जाऊबाईंनी पान वाढलं. ज्यांच्यापुढे बसायची आम्हाला बंदी होती त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसून, मऊ भात कालवून, एकेक घास भरवला. सरकार जेवल्या. चकलीचा तुकडा मागून घेतला, दात नसताना. निघताना लिफ्टच्या दारात वळून म्हणाल्या, "आता रुसून जाऊ नका हं." जाऊबाई म्हणाल्या, "नाही जाणार."

लिफ्ट खाली गेली आणि समोरच्या बाई आल्याच. "मग? ओळखलं का?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण जाऊबाईंनी मला हाताने थांबवलं. "नाही हो," त्या म्हणाल्या. "मला नाही ओळखलं." एवढंच बोलून आत गेल्या आणि उष्टं ताट स्वतः घासलं. समोरच्या बाई आल्या तशा गेल्या. जाऊबाई त्या दिवशी रडल्या का, हे मला माहीत नाही. मी रडले, रिक्षात.

तेव्हापासून रोज दुपारी राजवाड्यातून व्हिडिओ कॉल येतो. जाऊबाई त्याआधी वेणीफणी करून बसतात आणि पलीकडे पान वाढलंय का, आमटीत तूप घातलंय का, हे विचारून घेतात. घरची मोठी सून आली म्हणून पलीकडे जेवण होतं. एखादे दिवशी हा फोन यायचा थांबेल, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. परवा मात्र न राहवून मी विचारलं, "ताई, एकदा तरी खरं नाव सांगाल का त्यांना?"

"कशाला?" जाऊबाई म्हणाल्या. "माझं नाव घेणारे पुष्कळ आहेत, तू आहेस, हे आहेत. त्यांना जेवलात का विचारणारं दुसरं कोण आहे गं?" आणि मला उठवून म्हणाल्या, "सरक जरा, चार वाजत आले."