मुंबईवाले काळबांडे

दिल्लीत मराठी माणूस एकाच गावचा असतो. तो बेळगावचा असो की भंडाऱ्याचा, इथल्या लोकांच्या लेखी तो 'बंबईवाला'. उल्हास काळबांडे खरे वाशिमचे. केंद्र सरकारच्या नोकरीत लागले तेव्हा पहिल्याच दिवशी ऑफिसात कुणीतरी विचारलं, "बंबई से हो?" वाशिम कुठे आणि अकोला कुठे हे समजावत बसण्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं, म्हणून त्यांनी मान हलवली. एवढीच काय ती चूक. बाकीचा सगळा पसारा तिच्यामागून आला.

मुंबईला ते आयुष्यात एकदाच गेले होते, तेही भरतीच्या परीक्षेला. स्टेशनवरून परीक्षेच्या हॉलमध्ये आणि हॉलमधून स्टेशनवर. समुद्र पाहायचा राहूनच गेला. पण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये कुणाला पोराबाळांसकट मुंबईला जायचं असलं, की तो संध्याकाळी काळबांड्यांच्या दारात हजर. आणि उल्हासराव खुर्ची पुढे ओढून सुरू व्हायचे. राणीच्या बागेत बुधवारी जाऊ नका, बंद असते. पेंग्विन बघायला सकाळीच जा. मलबार हिलवर म्हातारीचा बूट आहे, पोरं त्यात शिरली की बाहेर यायला मागत नाहीत. गेटवेहून लाँचमध्ये बसवा, पण पोरांना आधी पोटभर खायला घालू नका. तारांगण, चौपाटी, भेळ, सगळं यथासांग. ही विद्या त्यांनी मोबाईलवरच्या व्हिडिओंतून आणि दादरच्या मेव्हणीकडून गोळा केली होती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण जेवून गेलेला प्रत्येक जण तृप्त व्हायचा. गंमत म्हणजे त्यांचा सल्ला सहसा चुकायचा नाही. परत आलेली पोरं त्यांच्या हातावर चिक्की ठेवायची आणि निधीच्या हातावर शिंपले.

निधी त्यांची मुलगी, पाचवीतली. तिच्याकडे बिस्किटांचा एक डबा भरून शिंपले होते. समुद्र मात्र तिने पाहिला नव्हता.

याचं कारण समोरच्या दारात राहायचं. राजीव सक्सेना, उल्हासरावांच्याच ऑफिसातले. त्यांचा मुलगा मानस निधीच्याच वर्गात. "बंबई जाएँगे तो आपके साथ ही, काळबांडेजी. आपका शिवाजी पार्क वाला बचपन का घर भी देखेंगे," असं त्यांनी पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. आता त्यांना घेऊन जावं तर पितळ उघडं पडणार आणि टाळून जावं तर शेजारी दुखावणार. त्यामुळे काळबांड्यांची एलटीसी, म्हणजे सरकारी खर्चाची सहल, हरिद्वारला गेली, अमृतसरला गेली, एकदा तर कारण नसताना कुलू-मनालीला गेली. मुंबईकडे काही वळली नाही.

सुरेखा, त्यांची बायको, आधी हसायची. पुढे हसेनाशी झाली. "अहो, लोकांच्या पोरांना समुद्र दाखवता, आपल्या पोरीने काय घोडं मारलंय?" असं ती एकदा म्हणाली. उल्हासरावांना ते लागलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण खरं बोलायला जीभ रेटेना.

या मे महिन्यात राजीवजींचं तिकीट निघालं. "चलो ना यार," ते म्हणाले. उल्हासरावांनी ऑफिसच्या ऑडिटचं निमित्त काढलं. "तो निधी को भेज दो हमारे साथ. मानस को भी कंपनी मिलेगी." निधी वडिलांच्या तोंडाकडे बघत उभी होती. नाही म्हणायची हिंमत त्यांना झाली नाही. त्यांनी तिला नवी टोपी आणली, स्टेशनवर सोडलं, आणि गाडी सुटल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली. पोरीचा पहिला समुद्र, आणि तो दुसऱ्याच्या बापाचं बोट धरून!

तिसऱ्या दिवशी दुपारी ते ऑफिसात असताना निधीचा फोन आला.

"बाबा, आम्ही शिवाजी पार्कला आलोय. अंकल विचारतायत तुझं घर कुठलं. टॅक्सीवाला थांबलाय. काय सांगू?"

मागून राजीवजींचा आनंदी आवाज येत होता, "पूछो पूछो, कौन सी गली!"

समोर डबा उघडा होता, मीटिंग नव्हती, ऑडिट तर नव्हतंच. "निधी, आवाज तुटतोय गं," उल्हासराव म्हणाले, "काही ऐकू येत नाहीये." आणि त्यांनी फोन ठेवला. तिचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

पुन्हा फोन आला नाही. त्यांना वाटलं, निभावलं. पण डबा तसाच राहिला.

मंडळी परत आली ती सकाळच्या गाडीने. राजीवजी बॅगा खाली ठेवायच्या आधीच मोबाईल काढून उभे. "अरे काळबांडेजी, आपका घर देख आए! बच्ची ने खुद दिखाया, तीसरी मंज़िल, कोने वाली खिड़की." फोटोत एक जुनी, पिवळट इमारत होती, उल्हासरावांनी जन्मात न पाहिलेली. तिच्यापुढे नवी टोपी घालून निधी उभी होती आणि कुठल्याशा परक्या खिडकीकडे बोट दाखवत हसत होती. सुरेखाने फोटो पाहिला आणि ती चहा ठेवायला आत गेली. उल्हासरावांनी मान हलवली. पहिल्या दिवशी ऑफिसात हलवली होती, अगदी तशीच.

राजीवजी आपल्या घरी गेले. दार लागल्यावर निधीने हळूच विचारलं, "बाबा, मी बरोबर केलं ना?"

"तुला माहीत होतं?"

"आजोबांनी सांगितलं होतं ना वाशिमला, की तू लहानपणी कधी मुंबईला गेलाच नाहीस. पण तू फोन ठेवलास. मग मला वाटलं, मीच काहीतरी सांगायचंय." मग ती म्हणाली, "त्यांनी तिथे खूप फोटो काढले, बाबा. मला रडू येत होतं. समुद्र नीट बघताच नाही आला."

उल्हासरावांना उमगलं. आपण पोरीला म्हातारीचा बूट शिकवला, पेंग्विन शिकवले आणि खोटं बोलायलाही शिकवलं. तेही न बोलता, फोन ठेवून. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी तिचा हात धरला आणि ते दाराकडे निघाले.

"बाबा, नको ना! अंकल मला झूठी म्हणतील. मानस सगळ्या क्लासला सांगेल."

ते थबकले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं सांगून त्यांची सुटका झाली असती आणि पोर अडकली असती.

"तू काही बोलायचं नाहीस," ते म्हणाले. "नुसती माझ्याजवळ उभी राहा."

त्यांनी समोरची बेल दाबली. राजीवजींनी दार उघडलं, "आइए आइए, बंबईवाले!"

"राजीवजी, मैं बंबई का नहीं हूँ," उल्हासराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "वाशिम का हूँ. समंदर मैंने आज तक नहीं देखा."

राजीवजींचं हसू विरलं. त्यांनी एकदा उल्हासरावांकडे पाहिलं, मग निधीकडे. "और वो घर?"

"वो झूठ मेरा था. उस दिन फोन पे मैंने ही इसे कहा था, कोई भी बिल्डिंग दिखा दो."

निधीने चमकून वर पाहिलं. तिच्या हातातला त्यांचा हात घामाने ओला झाला होता, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.