आमाले उजेड दे

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात गायनमंडळाची तालीम घेत होते. ऐकलं, फोन ठेवला आणि तालीम पुरी केली. लोकांना नवल वाटलं. पण गाणं अर्ध्यात सोडलेलं मामांना खपलं नसतं…

सुमंतमामा अमरावतीत शाळेत संगीत शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये आमच्याकडून गाऊन घ्यायचे. शिंपी, नर्स, एसटीचे कंडक्टर, कुणालाही सोडलं नाही. “आता लाईन तुमच्याकडे आली,” म्हणजे मुख्य चाल तुमच्याकडे, असं खालच्या सुरातल्यांना सांगितलं की ते वीज आल्यासारखे बावळटपणे पंख्याकडे बघायचे! पुरातन काळी ख्रिस्ती लोक संध्याकाळी दिवा लावताना एक स्तोत्र गात, हे मामांनी कुठंतरी वाचलं आणि ते त्यांच्या डोक्यातच बसलं. त्यावरून त्यांनी चार आवाजांत स्वतःचं गाणं बांधलं. शब्दही स्वतःचेच, वऱ्हाडी: ‘दिवा लागला, आमाले उजेड दे.’

चर्चच्या पाळकसाहेबांना चाल आवडली, ‘आमाले’ नाही. अकोल्यात चर्चच्या गायनमंडळांचं संमेलन भरणार होतं. तिथं बाहेरगावचे लोक हसतील, ‘आम्हांला’ करा, नाहीतर गाणं वगळा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं, मामा, एका शब्दासाठी काय अडून बसता? त्यांनी पेटीचा भाता बंद केला.

“माह्या मायनं जनमभर याच बोलीत प्रार्थना केली. देवाले समजली. तुले काहून लाज वाटते?”

गाणं वगळलं गेलं. मामा संमेलनाला आले, बाकीची गाणी मन लावून गाऊन घेतली, कुरकुरले नाहीत. मला मात्र अजून स्वतःचा राग येतो. पुढे ते गाणं आम्ही फक्त त्यांच्या अंगणात, दिवेलागणीला गायचो. ऐकून ऐकून सगळ्या गल्लीला पाठ झालं.

गेल्या आठवड्यात अमरावतीत त्यांच्या स्मरणार्थ उपासना झाली. ते गाणं पहिल्यांदा चर्चमध्ये गायचं ठरलं, पाळकसाहेबांनीच सुचवलं. कागद हातात आले आणि बघते तर काय, छापखान्यातल्या कुणा शहाण्यानं शब्द ‘शुद्ध’ करून टाकलेला. माझं डोकंच फिरलं. पण वेळ नव्हता. मी हात उचलला, चारही आवाज उठले, आणि मागच्या बाकांवरच्या गल्लीतल्या लोकांपर्यंत सगळे ‘आमाले’च गायले. कागदाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. माझा मामा होता तो, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

लोक पांगल्यावर मी कागद गोळा करायला गेले. पाळकसाहेब शेवटच्या बाकावर चष्मा लावून बसले होते. गठ्ठ्यातला एकेक कागद मांडीवर घेऊन ‘आम्हांला’ खोडत होते आणि पेनानं वर ‘आमाले’ लिहीत होते.