कपाटातली हळद

माझी आई कपाटात बसून गायली, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

कळवणला मामाच्या मुलीची हळद होती, आणि आमच्याकडे हळदीची गाणी म्हणजे आई! व्याह्यांची टिंगल तर जागेवर रचणार. नेमकं तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "माझ्या गाण्याबिगर भाचीला हळद लागायची?" म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला.

"आई, रडू नको. आज घरी रेकॉर्ड करू, उद्या तिकडे स्पीकरवर वाजेल!"

सातपूरला कंपनीत मी मशिनी सांभाळतो, त्यामुळे माईकमधलंही मला कळतं, असा (माझा एकट्याचाच) समज. माईक घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "घरात गडबड असेल तर साधा घ्या, तोंडाजवळ धरायचा."

"छे! बारीकातला बारीक आवाज आला पाहिजे!"

आला ना! पंखा आला, फ्रिज आला, शेजारच्या काकूंचा मिक्सर आला, गंगापूर रोडचे हॉर्न आले. आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी आई! पंखा-फ्रिज बंद केले. बायकोला मिक्सर थांबवायला काकूंकडे पिटाळलं. तरी हॉर्न होतेच. शेवटी मोठं कपाट रिकामं करून आतून गोधड्या लावल्या आणि आईला आत स्टुलावर बसवलं.

"हं, गा आता!"

"गा काय? झेलायला कोण हाय? मी ओळ म्हटली की बायांनी ती उचलायची. त्याशिवाय मला पुढची सुचत नाय."

बाया कुठून आणू? मीच कपाटात डोकं घातलं.

आणि आई सुटली! घामाने निथळतेय, दुखरा पाय दाराबाहेर लांब केलाय, पण आवाज असा खणखणीत, की माझ्या अंगावर काटा! मध्येच मलाही सोडलं नाही:

"लेकानं आणला माईक गं बाई,
मायला कोंडलं कपाटात!"

हेही मी इमानदारीत झेललं. आईचा इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. "ताई, नवरी रडली, सगळ्या बाया रडल्या! तू इथंच बसली हाय असं वाटलं!" आईने मलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"फक्त एक सांग. तुझ्यामागं सारखं कोण कण्हत होतं? बाया विचारताय, घरात कोणी आजारी हाय का?"

आईने माझ्याकडे बघितलं आणि माझी लाज राखली. "हो रे, पोराला ताप हाय."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या कळवणने माझी तब्येत विचारली. मी प्रत्येकाला खोकून दाखवलं!