माकडं आणि सातबारा

दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. जमवावे लागत नाहीत. त्यातही विजेचा धडा शिकवा, काही होत नाही. मुलं गणितं सोडवतात, विसरतात. पण आनुवंशिकतेचा धडा शिकवला की तो दप्तरातून घरी जातो, जेवताना निघतो आणि दुसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी शाळेच्या गेटवर उभं असतं!

आमची शाळा चाकणला. अर्धा वर्ग इथल्या जुन्या गावकऱ्यांचा, अर्धा कंपन्यांत कामाला आलेल्यांचा, कुणी मराठवाड्यातलं, कुणी कोकणातलं, कुणी थेट बिहारचं. सगळ्यांना एकच धडा. गोंधळ मात्र ज्याचा त्याचा वेगळा. आणि माझा सगळ्यात मोठा!

*

सुरुवात वाटाण्यापासून. मी फळ्यावर लिहिलं, उंच झाड आणि बुटकं झाड यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी झाडं उंच. मधल्या उंचीचं एकही नाही.

ओंकारने हात वर केला. त्याच्या वडिलांचा मार्केटमध्ये कांद्याचा गाळा आहे. "मॅडम, आमचे पप्पा सहा फूट. मम्मी त्यांच्या खांद्याच्या खाली. मी बरोबर मधला."

"अरे, माणसाची उंची एका जनुकावर ठरत नाही. पुष्कळ जनुकं असतात, शिवाय खाणंपिणं असतं. वाटाण्याचं सोपं असतं."

तो विचारात पडला. "म्हणजे मी वाटाणा नाही?"

"नाही रे बाबा, तू माणूस आहेस."

"मग मॅडम, आपण वाटाण्याचं का शिकतोय?"

बेल झाली म्हणून वाचले!

*

दुसऱ्या दिवशी जिभेचा प्रयोग. काहींना जिभेच्या कडा वळवून नळी करता येते, काहींना नाही. सगळा वर्ग जिभा बाहेर काढून एकमेकांकडे बघत होता आणि नेमके मुख्याध्यापक राउंडला आले. अत्यंत शिस्तीचे गृहस्थ.

"हे काय चाललंय?"

"सर, आनुवंशिकता."

ते निघून गेले. थोड्या वेळाने आमच्या शिपाई शांतामावशी धावत आल्या. "बाई, चला लवकर! सर आरशापुढं जीभ काढून उभे हायेत. मला काय लक्षान बरं दिसंना!"

मी घाबरून त्यांना विचारलं, "नळी होतेय का त्यांची?"

"कसली नळी?"

मी करून दाखवली. मावशींनी लगेच स्वतःची जीभ काढली, झकास नळी झाली! "ही व्हय? ही तर आमच्या घरात समद्यांना येती."

संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. हळूच म्हणाले, "मॅडम, ते जिभेचं... ते बोर्डाला नाही ना?"

*

उत्क्रांतीला तर दरवर्षी तोच प्रश्न. "माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी काय आहेत?"

या वर्षी मी ठरवलं, इथल्या भाषेत सांगू. म्हटलं, "माकड आपले आजोबा नाहीत रे. फार पूर्वी एक मूळपुरुष होता. त्याच्या एका शाखेतून माकडं झाली, दुसऱ्या शाखेतून आपण. माकडं म्हणजे आपली भावकी!"

वर्गाला एकदम पटलं. मी खूश. पण मागच्या बाकावरचा प्रथमेश काही हसेना. जुन्या शेतकरी घरातलं पोरगं. रिंग रोडच्या बाजूला त्यांची जमीन आहे आणि तिच्यावरून चुलत्यांशी कायम खटके.

"मॅडम, मूळपुरुष एकच व्हता?"

"हो, एकच."

"मग त्यांचं नाव सातबाऱ्यावर लागतंय का?"

*

वैभवचे वडील कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर आहेत. वर्षामागे त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. मी शिकवत होते की आयुष्यात शरीराला जे होतं ते पुढच्या पिढीत उतरत नाही. उदाहरण द्यायला गेले आणि जीभ चावली.

वैभवच उठला. "मॅडम, पप्पांची बोटं गेली, तसं माझ्या मुलांना होणार नाही ना?"

"नाही. मुळीच नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याचा चेहरा खुलला. बसला. परत उठला. "आणि पप्पांना वेल्डिंग येतं, फिटिंग येतं, गाडी खोलून जोडता येते. ते?"

"तेही जनुकांतून येत नाही."

"काहीच नाही?"

"शिकावं लागतं."

तो म्हणाला, "मॅडम, हे बरोबर नाही. बोटं ठीक आहे, पण बाकीचं तरी यायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "हो, यायला पाहिजे होतं."

*

साक्षीची आजी तर तरातरा स्टाफरूममध्येच आली. घरच्या लग्नाला निघावं तसा रुबाब, नऊवारी कडक. साक्षी तिसरी मुलगी. घरी तिच्या आईला रोज टोमणे. परवा साक्षीने आजीला तोंडावर सांगितलं, मुलगा की मुलगी ते पप्पांकडून ठरतं.

"बाई, पोरगी म्हन्ती ते खरं हाय का?"

मी खडू घेतले. दोन पांढरे आईचे. एक पांढरा, एक लाल वडिलांचा. "आजी, प्रत्येकाने एकेक खडू द्यायचा. दोन्ही पांढरे आले की मुलगी. एक लाल आला की मुलगा."

आजीने खडू हातात घेऊन बघितले. "सुनंकडं लाल न्हाईच?"

"नाहीच."

"मग ती देनार कुटनं?"

"तेच तर."

आजीने खडू टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "मंजे इतकी वर्सं मी चुकीच्या मानसाला बोलले व्हय? आता पोराला बोलू?"

"आजी, त्याच्याही हातात नसतं. कुठला खडू जाईल ते कुणालाच ठरवता येत नाही."

आजी हतबल होऊन माझ्याकडे बघायला लागली. "आवं, मग बोलायचं कुनाला?"

पुढच्या आठवड्यात साक्षी म्हणाली, "मॅडम, आजी कुणालाच काही बोलत नाहीये. घरात सगळे घाबरलेत!"

*

आता समीरचं सांगते.

समीर वर्गातला हुशार मुलगा. त्याचे वडील इरफानभाई, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सुपरवायझर. रक्तगट शिकवून झाले होते. आई किंवा वडील यांपैकी कुणाचा गट एबी असेल तर मुलाचा ओ येत नाही, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. मी मुलांना सांगितलं, घरच्यांचे गट विचारून या, उद्या फळ्यावर तक्ता करू. इथे सोपं असतं. ज्याच्या त्याच्या गळ्यात कंपनीचं आयकार्ड, आणि त्यावर रक्तगट छापलेला.

शाळा सुटल्यावर इरफानभाई आले. शिफ्टवरून थेट. बसा म्हटलं तरी उभेच.

"मॅडम, समीर आमच्या पोटचा नाही. तान्हा असताना घेतला. त्याला माहीत नाही. सांगायचं आहे, पण कसं सांगायचं तेच कळत नाही. आणि आता हे बोर्डाचं वर्ष."

मी दार लोटून घेतलं.

"त्याचा ग्रुप ओ आहे. माझा एबी." त्यांनी खिशावर हात ठेवला. आयकार्ड आत होतं. "हे घरी काढून ठेवायचं कधी सुचलंच नाही, मॅडम. रोज खुंटीला लटकतं."

मी म्हटलं, "काळजी करू नका. मी त्याला विचारणारच नाही."

दुसऱ्या दिवशी मी एकेकाला उभं करत गेले. समीरच्या बाकाशी आले आणि पुढच्याचं नाव घेतलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तक्ता भरत आला, तेवढ्यात तो उठला.

"मॅडम, मी राहिलो."

"असू दे समीर, तास संपत आलाय."

"एकच मिनिट लागेल." त्याने फळ्याकडे बघत सांगायला सुरुवात केली. "मी ओ. मम्मी ओ. पप्पा पण ओ."

माझा खडू हवेतच थांबला. "घरी विचारलंस?"

"विचारायचं काय, मॅडम? रोज बघतो ना आयकार्डवर."

मी लिहिलं. ओ, ओ, ओ.

तो अजून उभाच होता. "बसतंय ना, मॅडम?"

"बसतंय," मी म्हटलं.