इस्माईलचं पायी व्हेनिस

परमुलखात एका खोलीत माणसं राहिली की भांडी जमतात चार आणि किस्से चारशे! भांडी निदान घासून पालथी घालता येतात. किस्से मात्र जेवायला बसलं की पुन्हा समोर हजर. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी दुबईत होतो, 'बर दुबई' नावाच्या भागात खाडीकाठच्या एका बोट एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट. माझा खोलीसोबती इस्माईल तिथेच माल मोजणारा क्लार्क. दोघेही रत्नागिरीकडचे. माझे बहुतेक किस्से त्याच्याच कृपेनं जमलेत.

*

आमच्या इंग्रज साहेबांना खाडी दिसली की भरून यायचं. "धिस इज द व्हेनिस ऑफ द गल्फ!" असं ते रोज एकदा तरी म्हणायचे. आम्ही मान डोलवायचो. इस्माईलनं मात्र ते मनावर घेतलं.

ऑफिसात एक कॅलेंडर होतं. ऑगस्टच्या पानावर खऱ्या व्हेनिसचा रंगीत फोटो. पाण्याचे रस्ते, नक्षीदार होड्या, घुमट. पठ्ठ्यानं ते पान फाडून गावी बायकोला पाठवलं. सोबत लिहिलं, "हलिमा, मी राहतो ते हेच व्हेनिस. आलीस की सगळं पायी फिरवीन."

मी म्हटलं, "अरे, शुद्ध थाप आहे ही!"

"मी कुठे मारतोय? साहेब बोलतात!"

त्या वर्षी ऑफिसात जुलैनंतर एकदम सप्टेंबर लागला. कुणाच्याही लक्षात आलं नाही, घाम दोन्हींत सारखाच होता.

*

एकदा साहेबांकडे बोटीवरून एक गोरं जोडपं दिवसभरासाठी उतरलं. साहेबांनी त्यांनाही आपलं व्हेनिस ऐकवलं आणि हुकूम सोडला, "इस्माईल, शो देम द टाउन. ऑन फूट!"

इस्माईलनं त्यांना भर उन्हात कापडबाजाराच्या गल्ल्यांतून फिरवलं. मडमेनं विचारलं, "कॅनॉल कुठे आहेत?"

"ओन्ली वन, मॅडम. बट व्हेरी बिग!"

"आणि पूल?"

"कमिंग, मॅडम. इन्शाल्ला!"

खाडी ओलांडायला तेव्हा अब्रा, म्हणजे तिथल्या तरीच्या होड्या. काठावर दोन अब्रावाले गिऱ्हाइकावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. 'यल्ला, यल्ला!' करत गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. मडम घाबरून म्हणाली, "हे काय चाललंय?"

इस्माईल शांतपणे म्हणाला, "व्हेनिस बोटमन, मॅडम. सिंगिंग."

*

मग गावाहून पत्र आलं आणि इस्माईलचा चेहरा उतरला. हलिमा येत होती, पण सोबत सासरेही येत होते! आधी गाव स्वतः पाहणार, पसंत पडलं तर मुलगी ठेवणार, नाही तर पुढे बसऱ्याला जाऊन परतणाऱ्या त्याच बोटीनं तिला माघारी नेणार.

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवरा-बायको मिळून वीस दिवस एकत्र राहिले होते. मला त्याची खरंच दया आली.

"सासरे काय करायचे रे?"

"बोटीवर होते. जग फिरलेत."

"मेलास!"

"छे रे! आगवाले होते, बॉयलरमधे कोळसा टाकायचे. त्यांना खालून काय दिसणार?"

तरी आम्ही दर शुक्रवारी चालण्याची तालीम केली. ओहोटीला आमचं व्हेनिस चिखलात बसलेलं असायचं, म्हणून ऑफिसातलं भरतीचं वेळापत्रक काढलं. पाहुण्यांच्या पहिल्या दिवशी पूर्ण भरती होती दुपारी एक वाजता!

"खलास!" इस्माईल म्हणाला. "म्हातारा उन्हानं जाईल."

"मग चिखल दाखव."

त्यानं ऊन निवडलं.

*

सासरे आले ते छत्री आणि सुकटीचं गाठोडं घेऊन. दुपारी एकला आमची वरात निघाली. पुढे इस्माईल, मधे छत्रीखाली सासरे, मागे बुरख्यात हलिमा आणि शेवटी मी.

"अब्बा, हे हवेचे मनोरे. वरून वारा धरून खाली खोलीत सोडतात."

"बरं."

"अब्बा, ही खाडी."

"बरं."

पाण्याचे डबे लादलेलं गाढव आडवं आलं तेव्हा मात्र ते थांबले. "व्हेनिसात पाणी गाढवावरून येतं?"

"होडीतून आणलं तर खारं होतं, अब्बा!"

हलिमा बुरख्यात खोकली. मला ते खोकणं हसण्यासारखं वाटलं.

*

शेवटी काठावर एका टपरीशी चहाला बसलो. सासऱ्यांनी बूट काढले, आतली वाळू झटकली आणि म्हणाले, "इस्माईल, व्हेनिसला मी चारदा गेलोय."

इस्माईलचा ग्लास हातातच राहिला.

"इटलीत आहे ते. कोळसा टाकणाऱ्यालाही तेवढं कळतं."

"अब्बा, ते साहेब बोलले म्हणून..."

"चारदा गेलो. आम्हा खालच्यांना उतरू देत नसत. वरून घंटा वाजली की समजायचं, बंदर आलं. पुन्हा वाजली की समजायचं, गेलं."

त्यांनी चहा संपवला, बूट चढवले आणि छत्री उघडली.

"चल, पलीकडचा काठ राहिलाय. होडीनं नेतोस ना? हलिमाला घरी पाठव. तिला काय, आता रोजच बघायचंय!"