कोबीत मिसळलेला खिमा

मलकापूरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, त्या वर्षी माझ्या सासूबाईंचं जेवण तुटलं. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. हिवतापाने त्या महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या. ताप उतरला, पण तोंडाची चव काही परत आली नाही. भाताची पेज केली तर दोन चमचे घ्यायच्या आणि वाटी सरकवून द्यायच्या. दूध नको, अंडं नको. ज्वारीची भाकर दुधात कुस्करून दिली तरी तोंडात नुसती घोळवत बसायच्या. दात एकही उरला नव्हता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्त नाही. ताकदीचं काहीतरी पोटात गेलं पाहिजे." ताकदीचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. रोहिणखेडजवळच्या एका खेड्यातल्या त्या. नवरा लवकर गेला, लोकांच्या शेतात निंदण-खुरपण करून एकुलत्या एका मुलाला मॅट्रिक केलं. तो मुलगा, म्हणजे माझे यजमान, तहसील कचेरीत कारकून होते. नोकरी लागली तेव्हा ते आईला गावाहून घेऊन आले आणि वर्षभराने माझ्याशी लग्न केलं. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. मी सातवी पास होते, म्हणून मला पसंत केलं असं हे म्हणायचे.

खोल्या एका शेतकरी कुटुंबाच्या होत्या. घरमालकांचं जमिनीचं काही काम कचेरीत होतं, त्या ओळखीतून खोल्या मिळाल्या. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना माहीत होतं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, फक्त विहिरीवर आमची बादली वेगळी आणि दोर वेगळा. अंगण एकच होतं. घरमालकीणबाई पन्नाशीच्या, जाड्याभरड्या, दिवसभर अंगणात काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या. बोलायला चांगल्या होत्या.

एक दिवस दुपारी मी आत्याबाईंचे पाय चेपत होते. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच पडल्या-पडल्या म्हणाल्या, "पोरी, एक सांगू? कोणाले सांगशीन नोको."

"सांगा ना."

"मोठ्याचं खाव वाटते मले. बारीक कुटेल. एक घास."

माझे हात थांबले. मोठ्याचं म्हणजे बैला-म्हशीचं मटण. आमच्यात पूर्वी सगळे खायचे, माझ्या माहेरीही खायचे. दीक्षा घेतली आणि सोडलं. आमच्या घरात तर त्याचं नावही निघत नव्हतं, त्याला कारण होतं.

हे शाळेत असताना वर्गाबाहेर, दाराशी पोतं टाकून बसायचे. मुलं यांना पाहिलं की नाक दाबायची, तुझ्या अंगाला वास येतो म्हणायची. दीक्षेनंतर, विशीतल्या वयात, यांनी गावात घरोघर जाऊन हात जोडले होते. हे खाणं सोडा, लोक आपल्याला यावरून हिणवतात, म्हणून विनवलं होतं. पुष्कळांनी सोडलं. स्वतःच्या घरी मात्र हात जोडले नाहीत. आत्याबाईंनी छपरावर मटणाच्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या, पावसाळ्याची बेगमी म्हणून. ह्यांनी वर चढून त्या सगळ्या खाली फेकल्या, सगळ्या वस्तीसमोर. आत्याबाई आठ दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. पण पुन्हा कधी खाल्लंही नाही. हे मला आत्याबाईंनीच सांगितलं होतं, लग्नानंतर लगेचच. सांगताना त्या मुलाबद्दल कौतुकानेच बोलत होत्या, असं मला तेव्हा वाटलं.

मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेजही घेतली नाही. मग मी डबा पिशवीत घातला, डोक्यावरून पदर घेतला आणि रुळांपलीकडच्या मोहल्ल्यात गेले. दुपारचे तीन वाजले होते, गल्लीत सामसूम होती. दुकानात म्हातारे मियाँ बसले होते. मला नीट बोलता येईना. "बिमार आहे घरी. दात नाहीत," एवढंच म्हटलं. त्यांनी वर पाहिलं नाही. "बारीक कर देता हूँ, बेटी," म्हणाले, आणि लाकडी ठोकळ्यावर दोन सुऱ्यांनी इतका वेळ कुटत राहिले की मला वाटलं आता सगळं मलकापूर गोळा होणार.

कचेरी साडेपाचला सुटायची. हे सहाच्या आत घरी यायचे. रविवारी तर दिवसभर घरीच. म्हणजे जे करायचं ते कामाच्या दिवशी आणि झटपट. चुलीवर केलं असतं तर तासभर गेला असता आणि धुराबरोबर वास अंगणभर झाला असता. म्हणून स्टोव्हवर करायचं ठरवलं. स्टोव्हला पंप मारून आच मोठी केली, लोखंडी कढई चांगली तापू दिली. जवसाच्या तेलात लसूण आणि हिरवी मिरची टाकली, ती तडतडली की कांदा. कांदा लाल व्हायच्या आत खिमा टाकला आणि उलथन्याने सारखा मोकळा करत राहिले, गोळा होऊ दिला नाही. पाणी सुटलं, आटलं, तेल दिसायला लागलं. मग हळद, काळा मसाला, आणि बारीक चिरलेला कोबी. कोबी भरपूर, खिम्याच्या दुप्पट. कोबीचा वास उग्र असतो, तो बाकी सगळं झाकतो. गाजर असेल तर गाजर, बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा मिळाल्या तर त्याही बारीक कापून. झाकण न ठेवता परतायचं, भाजी लिबलिबीत होऊ द्यायची नाही. वरून मूठभर सांबार, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटपायचं. मी चव पाहत नव्हते. मीठ अंदाजाने.

पहिल्या दिवशी आत्याबाईंना उठवून भिंतीला टेकवलं आणि वाटी हातात दिली. त्यांनी बोटांनी थोडंसं उचललं, तोंडात ठेवलं, डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. गालांची हालचाल थांबेना. मग त्यांनी भाकर मागितली. अर्धी भाकर खाल्ली. खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"तिखट झालं का आत्याबाई?"

"नाही वं माय."

मी कढई राखेने तीनदा घासली. खिडकी उघडी टाकली. बुद्धाच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावली. हे आले आणि दारातच थबकले.

"आज उदबत्ती काऊन?"

"सहज. आत्याबाईंना बरं वाटावं म्हणून."

संध्याकाळी आम्ही तिघं वंदना म्हणायचो. आत्याबाई पडल्या-पडल्या हात जोडायच्या. पाच शीलांत खोटं न बोलण्याचं एक शील आहे. त्या ओळीला माझा आवाज खाली जायचा. पुढे सव्वा महिना, आठवड्यातून दोनदा, मी तेच केलं. तीच घाई, तीच उदबत्ती, तोच खाली गेलेला आवाज. आत्याबाई मात्र सुधारत होत्या. भिंतीला धरून दारापर्यंत यायला लागल्या, मग अंगणात उन्हाला बसायला लागल्या. हे खूश होते. कचेरीत सांगायचे, माय उठून बसली.

घरमालकीणबाईंनी एकदा विचारलंच. मी कोबी चिरत होते, त्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. "काय वं, लय कोबी आणून राह्यली तू?"

"आत्याबाईंना आवडतो."

"म्हातारीले कोबी?" एवढंच म्हणून त्या गेल्या.

आणि मग तो दिवस आला. कचेरीत कोणा वरिष्ठांच्या निधनाची बातमी आली, म्हणून चारलाच सुट्टी झाली. मी कढई नुकतीच खाली उतरवली होती. हे आत आले, टोपी खुंटीला लावली, पायावर पाणी घेतलं.

"काय केलं आज?"

"कोबी."

"वाढ मग. सकाळपासून काही खाल्लं नाही."

ते पाटावर बसले. मी ताट घेतलं.  मला काहीच सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर मी वाढलं असतं. इतकी मी घाबरले होते की, ज्या माणसाने हे सोडण्यासाठी गावभर हात जोडले त्याच्या ताटात मी ते वाढलं असतं आणि तोंड मिटून बसले असते.

आतून आत्याबाईंचा आवाज आला. "त्याले नोको वाढू. मायं हाय ते."

हे हसले. "तुयं काय माय? कोबीत वाटण्या?"

"नुस्ता कोबी नाही तो. मोठ्याचं हाय त्यात. म्या आणायले लावलं तिले. तिले बोलू नोको."

ह्यांचं हसू गेलं. मग उठून आईच्या बाजेजवळ गेले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं, असं नंतर कितीदा वाटलं. ते हळू आवाजात बोलले.

"माय, मी लोकायच्या पाया पडलो. ज्यायनं सोडलं त्यायच्या घरी लेकरं उपाशी होती. तरी सोडलं त्यायनं. आता मी त्यायले काय सांगू?"

"काई सांगू नोको," आत्याबाई म्हणाल्या. "तू सोडवलं तं म्या बी सोडलं ना बाबू? सहा-सात वर्सं तोंडाले लावलं नाही. आता मरता-मरता जीव गेला त्याच्यावर. मी काय करू?"

हे बाजेपासून वळले. टोपी घेऊन बाहेर गेले. दिवेलागणीला परत आले आणि न जेवता वंदनेला बसले. मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. "आता आणू नोको. झालं मायं." मी म्हटलं, नुसता कोबी करते, गाजर घालते. केलाही. तीच कढई, तोच लसूण. त्यांनी दोन घास घेतले आणि वाटी सरकवली. आठ दिवसांत अंगणात येणं बंद झालं. पुन्हा भिंतीकडे तोंड.

हे पाहत होते. रोज कचेरीतून आले की आधी वाटी पाहायचे, किती खाल्लं ते. बोलायचे नाहीत. मग एका गुरुवारी सहा वाजून गेले तरी आले नाहीत. साडेसहाला आले, हातात डबा. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिले करून दे."

हे भर उजेडात, कचेरीच्या कपड्यांत, त्या मोहल्ल्यात गेले होते. डबा पिशवीत झाकलेलाही नव्हता.

मी स्टोव्ह पेटवला. कोबी घरात होताच. कांदा कापताना बोट कापलं, तसंच बांधून पुढे केलं. खिडकी बंद की उघडी ते पाहिलंच नाही. वीस मिनिटांत वाटी तयार झाली. ह्यांनी माझ्या हातून ती घेतली आणि बाजेच्या काठावर बसले. आईला मागून हाताचा आधार दिला, भाकरीचा मऊ पापुद्रा काढून त्यात खिमा घेतला आणि घास तिच्या ओठांशी नेला.

आत्याबाईंनी घासाकडे पाहिलं, मग मुलाकडे. ओठ उघडले नाहीत.

"घे ना माय. म्या आणलं."

"नोको बाबू. आता नाही जात."

घशाखाली जात नव्हतं की मनाला जात नव्हतं, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. हे घास हातात धरून पुष्कळ वेळ बसले. शेवटी वाटी आणि कढई दोन्ही उचलून मागच्या दाराने बाहेर गेले. तिथे एक कुत्री यायची, तिच्यासमोर सगळं ओतलं. मग विहिरीवर आमच्या बादलीने पाणी काढलं आणि कढई स्वतः घासली. त्यांनी त्याआधी घरातलं एक भांडं कधी घासलं नव्हतं.

आत्याबाई त्यानंतर अकरा दिवसांनी गेल्या, सकाळी, मी त्यांचे केस विंचरत असताना. केस विरळ झाले होते, फणी हलकीच फिरवावी लागायची. मान माझ्या हातावर आली तेव्हा वाटलं झोप लागली.

तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. ताट ओट्यावर ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, रडल्याही थोडं. निघताना दारात थांबून हळूच म्हणाल्या, "म्हातारी होती तवरोक म्या नाक दाबून घेतलं. काई बोलली नाही. आता ते घरात करजो नोको बरं, माय."

हे आत बसलेले होते. त्यांनी ऐकलं. मी पाहिलं तर ते मान खाली घालून पायाच्या नखाकडे बघत होते, आणि त्यांचं तोंड एखाद्या शाळकरी मुलासारखं दिसत होतं. त्या बाईंनी चांगल्या मनाने सांगितलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते आणलेलं पिठलं आमच्या दोघांच्याही गळ्याखाली उतरलं नाही.

महिन्याभरात आम्ही खोल्या सोडल्या, स्टेशनकडे आपल्या लोकांच्या वस्तीत गेलो. पुढे बुलडाण्याला बदली झाली, मुलं झाली, यांना बढतीही मिळाली. आमच्या घरात खिमा पुन्हा कधी झाला नाही. कोबीही फारसा येत नसे. मी आणला तर हे निमूट खायचे, पण पहिला घास घेताना थोडे थांबायचे. त्या सव्वा महिन्याबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, किती वेळा आणलं, कुठून आणलं, माझ्याशी रोज खोटं कशी बोललीस. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. ते निवृत्त झाले, मग आजारी पडले. शेवटच्या दिवसांत त्यांचंही जेवण तुटलं. मी रोज विचारायची, काय करू, काय खावंसं वाटतं. ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही. तू बस."